ब्रूपब चिखलदऱ्याला नको, नागपुरात काढा, पण ताट आपलं ठेवा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की चिखलदऱ्याला धुक्यात एखादं मस्त ब्रूपब, म्हणजे बिअर तिथेच बनवून जेवणाबरोबर देणारं हॉटेल, व्हायला पाहिजे, परदेशात डोंगरावर असतात तसं, म्हणजे पुण्या-मुंबईचे लोकं विदर्भात येतील. दोनच दिवसांनी त्याला उत्तर आलं, की हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, पोट्टे अगोदरच वाया चालले आहेत. दोन्ही पत्रं वाचून मला गंमत वाटली. एकाने डोंगर धरून ठेवला, दुसऱ्याने दारू, अन् तिथे लोकं खातात काय, ती बिअर बनते कशी, ह्याच्यावर एक ओळ नाही. मी नोकरीभर मुलींना गृहविज्ञान शिकवलं, आंबवणं-उकळणं हा माझा रोजचा विषय, अन् असं एक डोंगरावरचं ब्रूपब मी साठी उलटल्यावर बघितलं पण आहे, म्हणून म्हटलं आपणही लिहावं. माझं म्हणणं असं की चिखलदऱ्याला नको, नागपुरात काढा, अन् काढायचंच तर बिअर इथल्या मालाची अन् ताट इथलं ठेवा, नाही तर राहू द्या, परमिट रूम आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत.

मुलगी-जावई कोलोरॅडोत डेन्व्हरला असतात. तिथून दीड-दोन तासांवर एस्टेस पार्क म्हणून गाव आहे, रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या अगदी तोंडाशी, उंची ७५२२ फूट, म्हणजे चिखलदऱ्याच्या दुप्पट. गावात एल्क फिरतात, आपल्या सांबरापेक्षा दांडगे, रस्त्यात उभे राहिले की गाड्या मुकाट्याने थांबतात. तिथल्या एका ब्रूपबमध्ये जावयांनी आम्हा दोघांना नेलं. टेबलावर बसलो तर ऑर्डर घेणाऱ्या पोरीने पहिले ओळखपत्र मागितलं. ह्यांचे सगळे केस पांढरे, तरी पासपोर्ट दाखवा, २१ पूर्ण आहे का ते बघायचं! हे जाम खूश, म्हणे माझ्यावर एवढा विश्वास तर तू पण नाही दाखवला कधी.

आत अंधार नाही, काळ्या काचा नाही, कोपऱ्यात वेगळी फॅमिली रूम नाही. लहान पोट्टे रंगीत खडूंनी कागदावर रेघोट्या मारत बसलेले, म्हातारे-कोतारे जेवत होते, एक कुत्रं बाहेरच्या ओट्यावर वाटीतलं पाणी पीत होतं. काचेच्या पलीकडे स्टीलच्या मोठ्या टाक्या, त्यातच बिअर बनते अन् तिथूनच नळाला येते. भिंतीवर काळा फळा, त्यावर खडूने प्रत्येक बिअरचं नाव, प्रकार, अल्कोहोल किती टक्के, कडूपणाचा आकडा किती. जी संपली तिच्यावर सरळ रेघ मारलेली. हा फळा मला सगळ्यात आवडला. आपल्याकडे हॉटेलात विचारलं की सगळंच असते, मग दहा मिनिटांनी पोरगा येऊन सांगते की ते तेवढं नाही.

कोणाला काय आवडेल माहीत नसेल तर लाकडी पट्टीवर चार छोटे ग्लास आणून देतात, एकेकात सव्वाशे-दीडशे मिली. आम्ही चौघांत तेवढंच घेतलं अन् तासभर पुरलं. त्यात एक गव्हाची होती, ढगाळ, पिवळसर, तिला पिकल्या केळ्याचा वास अन् मागून लवंग. मी विचारलं केळं टाकता का, तर नाही, लवंग पण नाही, हे सगळं यीस्टचं काम. तेव्हा मला आठवलं, आयसोअमाइल ॲसिटेट! केळ्याच्या एसेन्समध्ये तेच असते, मी वर्गात बाटली हुंगायला द्यायची. दुसरी काळी, भाजलेल्या जवाची, कॉफीसारखी. तिसरी आयपीए, म्हणजे मुद्दाम कडू ठेवलेली बिअर, ती मला कारल्याचा रस वाटली, जावयांना तीच आवडते, ज्याची त्याची जीभ.

मग तिथला बिअर बनवणारा माणूस रबरी बूट घालून बाहेर आला, मुलीने त्याला सांगितलं की आई केमिस्ट्रीवाली आहे, झालं, आमची अर्धा तास मैफल. तो म्हणे ह्या उंचीवर पाणी ९२ अंशाच्या आसपासच उकळते. आपल्या नागपुरात ९९ ला उकळते. हॉप्स म्हणजे ती वेलीची हिरवी फुलं, ती नुसती पाण्यात टाकून कडूपणा पुरता उतरत नाही, उकळी लागते, तासभर, कधी जास्त, तेव्हा त्यातली आम्लं रूप बदलून विरघळतात. उकळीच कमी तापमानाची तर तेवढ्याच हॉप्समध्ये कडूपणा कमी येते, म्हणून डोंगरावर जास्त वेळ उकळा नाही तर जास्त हॉप्स टाका. वर हवेचा दाब कमी म्हणून गॅस लवकर सुटते, ग्लास भरताना फेसच फेस, त्याचंही गणित बसवावं लागते. म्हणजे ज्या डोंगराचं आपल्याला एवढं कौतुक, तो त्याच्या डोक्याला ताप होता. त्याने स्वतः हसत सांगितलं, की बिअर खाली पठारावर बनवणं सोपं, इथे लोकं डोंगर बघायला येतात म्हणून आम्ही इथे.

आता जेवण. मला वाटलं होतं तळलेले बटाटे असतील अन् बर्गर असेल, ते होतंच. पण बर्गर बायसनच्या मटणाचा, कारण तिकडे बायसन पाळतात. ट्राउट मासा, तिकडच्या थंड पाण्यातला. डुकराच्या मटणाचा हिरव्या मिरचीतला रस्सा, त्याला ग्रीन चिली म्हणतात, अन् मिरची कुठली तर प्यूब्लो नावाच्या कोलोरॅडोतल्याच गावाकडची, जशी आपली भिवापूरची. ब्रेड होता तो बिअर करून उरलेल्या धान्याचा, जव भिजवून त्यातली साखर काढून घेतली की जो चोथा उरते तो, त्यात प्रोटीन अन् फायबर भरपूर. बाकीचा चोथा जवळपासच्या गायींना जाते. एका पदार्थाचं नाव रॉकी माउंटन ऑयस्टर्स होतं, ह्यांनी शिंपले समजून बोट ठेवलं, तेवढ्यात जावयांनी कानात सांगितलं की ते शिंपले नाहीत, बैलाचा भलताच अवयव आहे, तळलेला. ह्यांनी मेनू मिटला अन् ट्राउट मागवली.

म्हणजे त्या डोंगराने त्या जेवणाला नाव दिलं अन् त्याच राज्यातल्या शेतकऱ्याने माल. जव सुद्धा कोलोरॅडोत सॅन लुइस खोऱ्यात होते. सगळंच तिथलं असते असं पण नाही बरं, हॉप्स बाहेरून येतात, बहुतेक वॉशिंग्टन राज्यातून, अन् ते फळ्यावर लिहिलेलं असते, लपवत नाहीत. ही ब्रूपबची लाट तिकडेही जुनीपुराणी नाही. डेन्व्हरमधलं पहिलं ब्रूपब १९८८ ला निघालं, एका पडीक वखारीच्या वस्तीत, अन् काढणाऱ्यांपैकी एक जण म्हणजे नोकरी गेलेला भूगर्भशास्त्रज्ञ, जॉन हिकनलूपर. तो पुढे २००३ ला शहराचा महापौर झाला, मग राज्याचा गव्हर्नर, आता सिनेटर. आपल्याकडे कोणी उमेदवार प्रचाराच्या पत्रकात लिहील का, की मी बिअर बनवायचो? बार असला तरी मेव्हण्याच्या नावावर असते!

आता चिखलदऱ्याचं. पहिल्या पत्रलेखकांना वाटते की डोंगर अन् बिअर ह्यांची जोडी आहे. होती, पण केव्हा? विजेचं फ्रिज नव्हतं तेव्हा. इंग्रजांनी १८५५ च्या सुमारास कसौलीला ब्रुअरी काढली ती थंड हवेसाठी अन् झऱ्याच्या पाण्यासाठी, मैदानात उन्हाळ्यात बिअर नासायची. काढणारा एडवर्ड डायर, म्हणजे जालियनवाला बागेतल्या त्या डायरचा बाप, हे पुष्कळांना माहीत नसते. पुढे कसौलीतून बिअरचं काम खाली सोलनला गेलं, तिथेही पाण्यासाठीच. त्यानंतर १८७० च्या दशकात जर्मनीत कार्ल फॉन लिंडेने म्युनिकच्या एका ब्रुअरीच्या मदतीने थंड करणारं यंत्र बसवलं अन् डोंगराची गरजच संपली. आज नागपुरात ४५ च्या उन्हात सुद्धा चिलर लावून टाकी १८-२० अंशावर ठेवता येते. मग ती टाकी घाटातून वर चढवायची कशाला?

अन् पाणी कुठून आणणार? एक लिटर बिअरला चार-पाच लिटर पाणी लागते, लहान ब्रुअरीत त्याहून जास्त, कारण टाक्या धुणं, पाइप धुणं, थंड करणं, सगळं पाण्यावर. मेळघाटात उन्हाळ्यात टँकर फिरतात, बाया डोक्यावर हंडे घेऊन चालतात, ते आपणच दरवर्षी फोटोसकट छापता. त्याच्या शेजारी बिअरच्या टाक्या धुवायच्या? मला तर विचार करूनच कसंतरी होते. वरून व्याघ्र प्रकल्प, अन् परतवाड्याहून वर जायचा तो वळणावळणाचा घाट, पावसाळ्यात धुकं असं की समोरची गाडी दिसत नाही. तिथे नागपूर-अमरावतीचे पोट्टे चार ग्लास पिऊन रात्री खाली उतरणार. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं की गुन्हा, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाही तर दोन्ही, कायदा आहे. पण घाटात मोजायला कोण उभं राहणार? चिखलदऱ्याला धुक्यात कणीस खा, भजी खा, तिथली कॉफी प्या, ती तर खरंच तिथे पिकते अन् तिचं कोणी नाव घेत नाही.

म्हणून म्हणते नागपुरात काढा. आता इथल्या मालाची बिअर म्हणजे काय ते सांगते, कारण नुसतं स्थानिक स्थानिक म्हणून होत नाही.

बेल्जियममध्ये गव्हाची एक पांढरी बिअर असते, तिला विट म्हणतात. त्यात दोन गोष्टी टाकतात, संत्र्याची वाळवलेली साल अन् कुटलेले धने. वाचकहो, संत्र्याची साल अन् धने! त्या लोकांची ही बिअर बंद पडली होती, हूगार्डन नावाच्या गावातली शेवटची ब्रुअरी १९५० च्या दशकात बंद झाली, मग पिएर सेलिस नावाच्या माणसाने, जो अगोदर घरोघरी दूध घालायचा, १९६६ ला ती पुन्हा सुरू केली अन् आज जगभर चालते. त्यांची साल कुरासाओच्या कडू संत्र्याची. आपली नागपुरी साल पातळ, सैल, गोडसर वासाची, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, अन् आपण तिचं करतो काय? ज्यूसवाल्याच्या गाडीखाली ढीग, त्यावर माशा, संध्याकाळी महापालिकेच्या गाडीत.

साल वापरायची तर नीट वापरा. आतला पांढरा पापुद्रा खरवडून काढा, तो तुरट-कडू लागते, नुसता वरचा केशरी थर घ्या, सावलीत वाळवा, उकळीच्या अगदी शेवटी पाच मिनिटं टाका, नाही तर सगळा वास वाफेबरोबर उडून स्वयंपाकघराला मिळेल अन् बिअरला काही नाही. चकाकीसाठी मेणाचा थर दिलेली संत्री बाजारात येतात, त्यांची साल घेऊ नका, सरळ काटोल-नरखेडच्या बागेतून घ्या. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वर्षातून दोनदा ताजी साल. धने तर काय, सांबाराशिवाय, म्हणजे कोथिंबिरीशिवाय, आपली भाजी होत नाही.

दुसरं, ज्वारी. आपल्या विदर्भातून ज्वारी सोयाबीन अन् कापसाने हाकलून लावली, आता भाकरीला सुद्धा महाग झाली. नायजेरियाने १९८८ ला परदेशी जवावर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारीवर अन् मक्यावर यावं लागलं, अन् आल्या. ज्वारीला मोड आणून वाळवली की तिचाही माल्ट होते, फक्त जवाच्या माल्टइतकी एन्झाइम्स त्यात नसतात अन् तिचं स्टार्च जास्त तापमानाला फुलते, म्हणून अर्धी ज्वारी, अर्धा जवाचा माल्ट असं मिसळून करायचं. बिअर थोडी हलकी होते, थोडी आंबटसर, मे महिन्यात तशीच पाहिजे. भंडाऱ्याचा तांदूळ पण चालते, अमेरिकेतल्या कित्येक हलक्या बिअरमध्ये तांदूळ असते. हॉप्स आपल्याकडे होत नाहीत, ते लाहौलमधून येऊ द्या, हिमाचलमध्ये तिथे ते पिकतात.

तिसरं, ऊन. एरवीचं यीस्ट २५ अंशाच्या वर बिघडते, नको ते वास येतात, डोकं दुखते, म्हणून चिलरचं बिल. पण नॉर्वेतल्या शेतकऱ्यांकडे पिढ्यानपिढ्या जपलेलं एक यीस्ट आहे, क्वाइक, ते ३५-४० अंशाला मजेत काम करते अन् वरून संत्र्यासारखा वास देते. बर्फाच्या देशातलं यीस्ट अन् नागपूरच्या उन्हाला चालते! मी निवृत्त झाले म्हणून, नाही तर मुलींना प्रोजेक्टच दिला असता, फक्त प्राचार्यांना काय सांगितलं असतं तो प्रश्न.

मोहाबद्दलही एक शब्द. मध्य प्रदेशने २०२२ ला हेरिटेज मद्याचं धोरण आणून मोहाच्या दारूला मानाने बाटलीत बसवायचं ठरवलं. आपल्या मेळघाटात, गडचिरोलीत मोहफुलांचा सडा पडते अन् वेचणाऱ्या बाईच्या हातात व्यापारी टेकवेल तेवढंच. वाळलेली मोहफुलं माल्टबरोबर थोडी टाकली तर गोडवा अन् तो ओळखीचा वास येईल. पण फुलं घ्याल तर भाव चांगला द्या अन् वेचणाऱ्यांच्या गावाचं नाव फळ्यावर लिहा.

आता ताट, ज्याच्यासाठी मुळात पत्र लिहायला घेतलं. मागे आपल्याच शहरात क्राफ्ट बिअर म्हणून जिथे मिळते अशा एका ठिकाणी भाचा घेऊन गेला, नाव लिहीत नाही. मेनू उघडला तर नाचोज, पेरी पेरी फ्राइज, चिली चीज टोस्ट, मोमो, पास्ता, म्हणजे जे गुरगावला मिळते, बंगळुरूला मिळते, तेच. गव्हाची बिअर मागितली तर ग्लासला भांड्याच्या साबणाचा वास, साबण नीट धुतला गेला नाही की फेस बसते अन् बिअर मेल्यासारखी दिसते, तशीच होती. केव्हा बनवली विचारलं तर पोरगा म्हणे मॅडम फ्रेश आहे. किती टक्के अल्कोहोल, तर म्हणे नॉर्मल. गाणी एवढ्या मोठ्याने की भाचा समोर बसून मला व्हॉट्सॲपवर मेसेज करत होता. फ्राइज गार, मऊ, वरून लाल पावडर. ह्याचे पैसे घेतात!

अन् हे सगळं त्या गावात, जिथे सावजी आहे. महालात, इतवारीत, गोळीबार चौकात कोष्टी लोकांनी विणकाम करता करता जे जेवण वाढवलं, जवस, खसखस, दगडफूल, मिरे-लवंग, वर तेलाचा लाल तवंग, तशी चव जगात कुठे नाही, अन् आपण गिऱ्हाइकाला नाचोज देतो. आता सावजीबरोबर कोणती बिअर, हा खरा स्वयंपाकाचा प्रश्न आहे. पोट्टे आयपीए घेतील, अन् पस्तावतील. हॉप्सचा कडूपणा तिखटाला आणखी चेतवते, अल्कोहोल जास्त असलं तर जीभ आणखी जळते, गॅसचे बुडबुडे वरून टोचतात. तिखटाला पाहिजे कमी कडू, थोडी गोडसर, गव्हाची किंवा तांबूस माल्टवाली, चार-साडेचार टक्क्यांची. सावजी मटण, सोबत लांब रोटी, अन् संत्र्याच्या सालीची ती पांढरी बिअर लहान ग्लासात, हे मला खाऊन बघायचं आहे अन् मरायच्या आत बघायचं आहे.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये. पाटोडी रस्सा आहे. सांबारवडी आहे, गरम, तळलेली, आत खोबरं-खसखस, धन्याच्या बिअरला ह्याच्यापेक्षा चांगली सोबत नाही. खारोड्या कच्च्या तेलात कालवून कांदा घालून द्या, तो आपला चखना, शेंगदाण्याला सुट्टी. वांग्याचं भरीत अन् भाकरी. गोळाभात जड होते, तो शेवटी. काळ्या बिअरबरोबर कोहळ्याचे बोंडे, गुळाचे, कारण भाजलेल्या जवाला गूळ फार छान लागते, हे मी एस्टेस पार्कला त्यांच्या चॉकलेट केकवरून ताडलं. बिअरचा चोथा वाळवून दळा अन् थालीपिठाच्या भाजणीत मिसळा, एक वाटी भाजणीला दोन चमचे, जास्त नाही, नाही तर घशात टोचते. उरलेला पाठवा गोठ्यात, शहराच्या चारी बाजूंनी गोठे आहेत.

संस्कृतीवाल्या दुसऱ्या पत्रलेखकांना पण उत्तर द्यायला पाहिजे. दारूने घरं बसतात हे मला माहीत आहे, माझ्या वर्गात अशा घरातल्या मुली असायच्या, फी भरायला आई यायची. शेजारी वर्धा अन् गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०१५ ला लागली अन् २०२१ ला उठली, त्या बंदीसाठी बाया पायी चालत नागपूरच्या अधिवेशनावर आल्या होत्या, त्यांच्यापुढे मी तोंड वर करून बोलणार नाही. पण नागपुरात बंदी नाही. इथे परमिट रूम उघड्या आहेत, एका दिवसाचं परमिट पाच रुपयाला असते अन् तेही कोणी विचारत नाही, पोट्टे मैदानात गाडीच्या बोनेटवर क्वार्टर ठेवून पितात, पोटात अन्न नाही, सोबत मोठं माणूस नाही. उजेडात, जेवता जेवता, आईबाप समोर असताना, फळ्यावर टक्केवारी वाचून दीडशे मिली घेणारा माणूस, अन् अंधारात उभ्याने ढोसणारा माणूस, ह्यांना एकाच मापाने कसं मोजायचं? घ्यायची नसेल त्याच्यासाठी त्याच नळावर आल्याचं सरबत अन् संत्र्याचा सोडा ठेवा, एस्टेस पार्कला पोरांना रूट बिअर म्हणून बिनदारूचं तसंच काहीतरी मिळत होतं, फेस येणारं, पोट्टे मिशा काढून दाखवत होते. अन् २१ च्या खालच्याला दारात ओळखपत्र बघून नाही म्हणा, बियरसाठी आपल्या राज्यातही वय २१ आहे, फक्त बघत कोणी नाही.

ज्याला खरंच काढायचं असेल त्याच्याकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. फळ्यावर टक्के लिहा अन् टाकी कोणत्या तारखेला भरली ते लिहा, गव्हाची बिअर काही आठवड्यांतच उतरते, तिला महिनोन् महिने ओढू नका. लहान ग्लास ठेवा. ग्लास धुवायला वेगळा माणूस. गाणी हळू. ताट सावजीवाल्यांकडूनच करून घ्या, शेफ मुंबईहून आणू नका, इतवारीतल्या एखाद्या काकूंना सांगा, त्या नाही म्हणणार नाहीत, फक्त त्यांना पगार शेफचा द्या.

अन् एक विनंती सरकारी लोकांना. जागा मेट्रो स्टेशनला लागून द्या, सीताबर्डी नाही तर झाशी राणी चौकाच्या आसपास. पण आपली मेट्रो रात्री दहाच्या सुमारास बंद होते, म्हणजे जेवण अर्धवट टाकून उठा नाही तर पिऊन गाडी चालवा. शनिवार-रविवारी निदान साडेअकरापर्यंत चालवा, आपली बस पण ठेवा. ओला-उबर त्या वेळेला बरोबर दुप्पट भाव मागतात, अन् दुप्पट भाव बघितला की नागपूरचा माणूस म्हणते काही नाही होत, दोनच तर घेतल्या, अन् चावी फिरवते.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
प्रतापनगर, नागपूर